शाळेचं पटांगण: पेव्हर ब्लॉक की मुरूम अन् कडुलिंब?

शाळेला निधी मिळाला की समितीच्या बैठकीत पहिलं नाव निघतं पेव्हर ब्लॉकचं. त्यामागोमाग पत्र्याच्या शेडचं. परभणी जिल्ह्यातल्या दोन शाळांवर मी मुख्याध्यापक होतो. पहिल्या शाळेत ब्लॉकचा आग्रह माझाच. बदलीनंतर दुसऱ्या शाळेत तशीच संधी आली, तेव्हा मी मुरमावरच थांबलो. तुमच्या गावाची गोष्ट वेगळी असू शकते, हे धरूनच वाचा.

ब्लॉकला नावं ठेवणं सोपं आहे, पण आपली काळी माती ज्यानं जुलैत तुडवलीय तो ठेवणार नाही. चपला रुतून तुटतात, वर्गभर चिखलाचे पाय उमटतात, परिपाठ व्हरांड्यात कोंबावा लागतो. ब्लॉक बसले अन् हे सगळं एका पावसाळ्यात संपलं. झाडलोट निम्म्यावर आली. १५ ऑगस्टला पालक खुर्च्या टाकून ऐटीत बसले. मुरमाचं असं नाही. नीट दाबला नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत वाहून जातो अन् पुन्हा ट्रॉली मागवावी लागते.

एवढ्यावर निकाल लागला असता तर मी आजही ब्लॉकवाला राहिलो असतो.

माझं मन फिरलं ते मधल्या सुट्टीतल्या एकाच तक्रारीनं: "सर, ह्यानं मला उन्हात ढकललं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं. मार्चच्या सुरुवातीला, सकाळची शाळा लागायच्या आधी, ती रोज पाच-सहा वेळा यायला लागली. पाहिलं तर पटांगण रिकामं अन् अख्खी शाळा व्हरांड्यात. सावलीचा मालक सातवीचा वर्ग. पहिली-दुसरीची लेकरं कडेला, अन् कडेच्या लेकराला ब्लॉकवर लोटायचं हाच खेळ. खिचडी खाऊन अनवाणी उभं असलेलं पोर तापल्या ब्लॉकवर नाचायचं, बाकीचे टाळ्या पिटायचे. मुली तर वर्गाबाहेर यायच्याच बंद झाल्या. सुट्टीनंतरच्या तासाला निम्मा वेळ भांडणं मिटवण्यात जायचा. मी रागावलो, पाळ्या लावल्या, दोन पोरांच्या वडिलांना बोलावलं. आता वाटतं, पोरांपेक्षा मीच चुकलो होतो.

शेडनं सुटेल म्हणून शेड केलं. पण पत्रा तापला की त्याची धग सरळ डोक्यावर उतरते अन् खालून ब्लॉक भाजतात. तिथं सावली होती, पण बसवत नव्हतं. भिंतीच्या सावलीवरही भिस्त ठेवू नका. जूनच्या शेवटी सूर्य परभणीच्या थोडा उत्तरेलाच असतो. बारा फुटी भिंतीची सावली भर दुपारी फूटभरही पडत नाही. अन् पाऊस लांबलेला जून कसा असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या शाळेत नऊ जुने लिंब होते, पटांगणभर विखुरलेले. ऊन तेच, गावं वीस किलोमीटरवर, लेकरंही सारखीच वांड. पण इथं सुट्टीत शाळा नऊ ठिकाणी वाटली जायची. एका पारावर सागरगोटे, दुसऱ्याखाली गोट्यांसाठी खणलेली गल (ब्लॉकमध्ये कुठं खणणार?), कोपऱ्यातल्या झाडाखाली बारकी पोरं निंबोळ्या वेचत. सावलीवर कुणाची मालकीच नव्हती. मी काही थर्मामीटर लावून बसलो नाही, पण झाडाची पानं पाणी बाहेर टाकत गारवा धरतात अन् पत्र्यासारखी खाली धग सोडत नाहीत, हे बसल्यावर कळतं. तक्रारी इथंही यायच्या, पण पेन्सिल चोरल्याच्या.

पॅरिसनं २०१८ पासून शाळांच्या अंगणातलं डांबर काढून तिथं माती अन् झाडं आणायला सुरुवात केली. आपण मात्र आहे ती माती झाकायला निधी मागतो.

झाडांचंही सगळं गोड नाही. रोपाची सावली म्हणण्याजोगी सावली व्हायला सहा-सात वर्षं लागतात. ठराव करणारी समिती तोवर बदललेली असते. लिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चात येते, तेव्हा थोडे दिवस झाडही उघडं पडतं. शेरडं रोपं ठेवत नाहीत, कुंपण लागतंच. गुलमोहर लवकर वाढतो म्हणून मोहात पडू नका, ऐन उन्हाळ्यात त्याच्यावर पानं विरळ अन् वादळात फांदी मोडते. लिंब किंवा करंज बघा. पाण्याचं म्हणाल तर २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातही आमच्या लिंबांना खिचडीची ताटं धुतलेलं पाणी चारीनं मिळत होतं, असं गावकरी सांगतात. ती चारी आम्ही तशीच ठेवली.

निधी वापरलाच पाहिजे अशी अडचण असेल, तर फाटकापासून व्हरांड्यापर्यंतची वाट अन् नळासमोरची जागा, एवढ्याला ब्लॉक पुरतात. आम्ही तेवढंच केलं, बाकी मुरूम अन् झाडांना पार. अन् पूर्ण पटांगणाचा ठराव आधीच झाला असेल, तर झाडांसाठी पाच-पाच फुटांचे चौकोन काम सुरू व्हायच्या आधी स्वतः चुन्यानं आखून द्या. नंतर मागितले तर ठेकेदार म्हणतो, "सर, खालची कच अंथरून झाली."