हिचच्या रंगाखाली सळई निघाली

माझा ट्रेलर घरी बनवलेला आहे. बॉक्स पाइपची चौकट, एकच अ‍ॅक्सल, वर फळ्या. चौकट मी स्वतः आखून जुळवली आणि ती आजही ठणठणीत आहे. दुखणं निघालं ते हिचमध्ये, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यात. गाडीला अडकणारा कपलर जिथे बसतो त्या वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडली होती आणि तिच्यातून तांबूस ओघळ येत होता. माझं वेल्डिंगचं मशीन लहान, जाड प्लेटला ते पुरत नाही. म्हणून हिच नव्याने बांधायचं काम बाहेर दिलं. काम बाहेर दिलं त्यात चूक नव्हती, माणूस पारखण्यात मी चुकलो.

बोलणं असं झालं होतं: चिरलेला तुकडा पूर्ण कापून काढायचा, त्या जागी 8 मिमीची प्लेट, कडा तासून मगच वेल्डिंग, दोन्ही बाजूंनी तिरके टेकू, कपलरला 8.8 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे नवे बोल्ट, सेफ्टी चेन अडकवायचे कान नवे. सगळं तोंडी. कागदावर एक ओळ नाही. "दादा, दांडा तुटेल पण जोड सुटणार नाही," असं तो म्हणाला. मालासाठी म्हणून निम्मे पैसे आधी घेतले आणि काम अर्ध्यावर असताना उरलेलेही मागून घेतले. मी दिले.

रंग मारायच्या आधी मला बोलव, असं मी दोनदा बजावलं होतं. फोन आला तेव्हा रंग मारून वाळलाही होता. "तुमचा एक फेरा वाचवला," म्हणाला. वेल्डिंग घासून सपाट केलेलं, वर काळा चकचकीत रंग. ते बघून मला समाधान वाटलं, आणि नेमका तिथेच मी फसलो. कोपऱ्यातला जोड घासून गुळगुळीत केला की त्याचा भरीव भाग कमी होतो, जोड कमजोर होतो. नीट भरलेल्या वेल्डिंगवर एकावर एक खवल्यांसारख्या लहरी दिसतात. त्या घासून टाकायचं कारण काय, हे मी त्याच क्षणी विचारायला हवं होतं.

काही आठवड्यांनी रिकामा ट्रेलर वळवताना पुढून कट्ट असा आवाज आला. वाकून पाहिलं तर रंगावर आडवी सरळ रेघ. नखाने खरवडली तर पापुद्रा सुटला आणि खालून करड्या पुट्टीची भुकटी हातावर आली. लोहचुंबक आणून लावलं. शेजारी घट्ट चिकटलं, त्या जागेवर आणलं की घसरून पडायचं.

ग्राइंडरने ती जागा उघडली. आधी पुट्टी, मग वेल्डिंगचा पातळ पापुद्रा, आणि त्याखाली दोन प्लेटांमधल्या फटीत सळईचा एक तुकडा नुसता ठेवलेला. पेचकसाने जरा उचकला तर टणकन खाली पडला. बोटाएवढा लांब, गंजलेला. फट तळापर्यंत भरायला वेळ लागतो, वेल्डिंगचे रॉड जास्त जळतात. सळई कोंबून वरून एक थर ओढला की बाहेरून जोड भरलेलाच दिसतो.

जुना तुकडा त्याने कापलाच नव्हता. चीर होती तिथेच होती, तिच्यावर पत्रा गुंडाळलेला. जाडी मोजायला व्हर्नियर लावला तर 3 मिमी. कपलरच्या बोल्टांची डोकी कोरी. 8.8 चा बोल्ट असेल तर डोक्यावर तो आकडा आणि बनवणाऱ्याची खूण उठवलेली असते. कोऱ्या बोल्टाची ताकद किती हे कुणीच सांगू शकत नाही, आणि अख्खा ट्रेलर त्यावर ओढला जात होता.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो चेनच्या कानांचा. हिच तुटला तरी ट्रेलर गाडीला धरून राहावा, एवढ्यासाठी चेन असते. तिचे कान हिचवर अवलंबून नसलेल्या मजबूत जागी, मुख्य चौकटीवर हवेत. त्याने ते त्याच पत्र्यावर चिकटवले होते. म्हणजे पत्रा फाटला की चेनही त्याच्याबरोबर गेली. भरलेला ट्रेलर भर रस्त्यात सुटून कुणाच्या अंगावर गेला असता, हा विचार अजून मनातून जात नाही.

फोन केला तर पहिलं उत्तर, "तुम्ही वजन जास्त टाकलं असेल." ट्रेलर रिकामा होता, असं सांगितल्यावर, "तुम्ही ग्राइंडर लावलात, आता माझी जबाबदारी संपली." इथे मी दुसऱ्यांदा अडकलो. उघडण्याआधीचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. तुमच्यावर अशी वेळ आली तर रागाच्या भरात ग्राइंडर उचलू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, चुंबक घसरतानाचा व्हिडिओ घ्या, आणि जमलं तर त्याच्यासमोरच उघडा. माझे पैसे परत आले नाहीत.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या कारागिराकडे गेलो. प्लेटची जाडी, रॉडचा प्रकार, बोल्टचा ग्रेड आणि 'रंग मालक मारणार' हे सगळं बिलावर लिहून घेतलं. जुना तुकडा मला परत द्यायचा, हेही. त्याने चीर संपते त्याच्याही पुढपर्यंत कापलं, कडा तासल्या आणि 7018 या प्रकारचे वेल्डिंगचे कोरडे रॉड वापरले. या रॉडांना ओल लागली तर जोडात नंतर तडे जाऊ शकतात. शेवटी लाल द्रव लावला, पुसला आणि वर पांढरी फवारणी केली. चीर असती तर त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटली असती. ही तपासणी पृष्ठभागापर्यंत आलेलीच चीर दाखवते. आत दडवलेली सळई तिला सापडेलच असं नाही. ती पकडायची तर जोड भरत असताना तिथे उभं राहावं लागतं.

सळईचा तो तुकडा मी खिशातून काढून त्याला दाखवला होता. तो काही बोलला नाही, हातात घेऊन बघितला आणि परत दिला. तळाचा पहिला थर भरून, वरचा मळ ठोकून साफ केल्यावर त्यानेच हाक मारली, "या, बघून घ्या, मग पुढचा भरतो." मी बॅटरी लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. घरी आणल्यावर जोडावर प्रायमरचा एकच पातळ हात मारला, म्हणजे पुन्हा कुठे रेघ उमटली तर लगेच दिसेल.