अळ्या की हायड्रोजेल?

महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेवर पिवळट, चिकट थर साचतो. ते मेलेलं मांस. ते काढायचे दोन मार्ग इथे पाहू.

हायड्रोजेल म्हणजे मुख्यतः पाणी असलेलं जेल. ते जखम ओलसर ठेवतं, थर भिजून सैल होतो आणि शरीरातली एन्झाइम्स तो हळूहळू विरघळवतात. लावायला सोपं, पण वेळखाऊ.

अळ्यांचं काम मात्र बघत राहावं असं! लुसिलिया सेरिकाटा या हिरव्या चमकदार माशीच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या निर्जंतुक अळ्या जखमेवर सोडतात, एकतर मोकळ्या, नाहीतर जाळीच्या पिशवीत घालून. ठेवताना त्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या असतात. पाचक रस सोडून त्या मेलेलं मांस पातळ करतात आणि शोषून घेतात. तीन-चार दिवसांनी काढताना चांगल्या गुबगुबीत झालेल्या असतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, २००४ साली त्यांना परवानगी दिली.

मग सरस कोण? ब्रिटनमध्ये पायावरचे व्रण असलेल्या २६७ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. निष्कर्ष २००९ मध्ये आले. अळ्यांनी जखम कितीतरी लवकर साफ केली, पण ती भरायला लागणाऱ्या वेळात लक्षणीय फरक पडला नाही. शिवाय अळ्यांच्या गटात वेदना जास्त होत्या. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण जखम स्वच्छ दिसली की आपण ती बरी होतेय असंच धरून चालतो. शस्त्रक्रिया किंवा त्वचारोपणासाठी जखम झटपट साफ हवी असेल, तर मी अळ्यांच्या बाजूने, एरवी हायड्रोजेल.