राउटर कंट्रोल सिस्टिम: पॅनेलआधी डेटाबेस बघा

राउटर, म्हणजे कोणतं चित्र-आवाज कुठे जायचं ते जोडणारं यंत्र, जुनाच ठेवला: २८८ इनपुट, २८८ आउटपुट, एसडीआय (केबलवरून जाणारा डिजिटल व्हिडिओ). बदलला तो त्याला हुकूम देणारा भाग: दोन कंट्रोलर, एक्सवाय पॅनेल (कुठून आणि कुठे ते बटणांनी निवडायचे) आणि कॉन्फिगरेशनचं सॉफ्टवेअर. ही सिस्टिम आता आमच्या एमसीआरमध्ये (मास्टर कंट्रोल रूम, जिथून प्रसारण बाहेर जातं) रोजच्या प्रसारणात रुळली आहे आणि मी तिच्यावर खूश आहे.

मला सगळ्यात आवडला तो तिचा डेटाबेस. सोर्स (सिग्नल जिथून येतो), डेस्टिनेशन (जिथे जातो), त्यांच्या व्हिडिओ, ऑडिओ, टाइमकोडच्या लेव्हल (वेगवेगळे थर) आणि नावं स्प्रेडशीटमधून एकगठ्ठा आत घेता येतात. हे फार मोलाचं आहे. शेकडो नावं हाताने भरायला बसलं की एकीकडे 'कॅम १' पडतं, दुसरीकडे 'कॅमेरा १', आणि ऑन एअरच्या धांदलीत ऑपरेटर नेमका तिथेच अडखळतो. बटणावर आठच अक्षरं दिसतात, म्हणून नावं ऑपरेटरांना सोबत बसवूनच ठरवावीत. डेटाबेसमध्ये नाव बदललं की टीएसएल प्रोटोकॉलवरून (नावं पडद्यांपर्यंत पोचवणारी भाषा) मल्टिव्ह्यूअरच्या, म्हणजे एकाच पडद्यावर अनेक चित्रं दाखवणाऱ्या यंत्राच्या, चौकटीखालीही तेच उमटतं.

लॉक आणि प्रोटेक्ट वेगळे दिले आहेत, हे उत्तम. प्रोटेक्ट केलेलं डेस्टिनेशन ज्या पॅनेलने अडवलं त्यालाच बदलता येतं. लॉक मात्र काढेपर्यंत कुणालाच नाही. ट्रान्समिशनला जाणारी प्रत्येक लाइन पहिल्या दिवसापासून प्रोटेक्टमध्ये असलीच पाहिजे, यात मी तडजोड करत नाही.

मॅन्युअल मात्र कमी पडतं. पॅनेलवर मोजणी १ पासून, आणि ऑटोमेशनशी (प्रसारण आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी) बोलणाऱ्या एसडब्ल्यू-पी-०८ प्रोटोकॉलमध्ये ० पासून. याचा मॅन्युअलमध्ये उल्लेखच नाही. ऑटोमेशनवाले एक आकडा धरून चालतात, कंट्रोलर दुसरा, आणि सगळे क्रॉसपॉइंट (सोर्स-डेस्टिनेशनच्या जोडण्या) एका घराने सरकतात. जोडणी झाल्यावर पहिल्या आणि शेवटच्या डेस्टिनेशनवर कलर बार (रंगीत पट्ट्यांचं चाचणी-चित्र) पाठवून मॉनिटरवर डोळ्यांनी बघा. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर हिरवा दिवा दिसला म्हणून पुढे जाऊ नका. टाय लाइनचंही (दोन राउटर जोडणाऱ्या लाइनचंही) असंच. दुसऱ्या राउटरकडे जाणारी मोकळी लाइन सिस्टिम आपणहून शोधते, छानच. पण सगळ्या लाइन अडकलेल्या असल्या तर पॅनेलवर नुसतं 'फेल' येतं. कोणती लाइन कुणी धरून ठेवली आहे ते तिथेच दिसायला हवं होतं. लाइव्ह चालू असताना सॉफ्टवेअर उघडून शोधायला वेळ कुणाकडे असतो?

ताबा घेण्याआधी मुख्य कंट्रोलरची नेटवर्क केबल उपटून बघितली. पॅनेल काही क्षण गप्प झाले, मग दुसऱ्या कंट्रोलरवर परत आले. चित्र हललं नाही, कारण क्रॉसपॉइंट राउटरच्या फ्रेममध्येच धरलेले असतात. ही चाचणी व्हेंडरच्या माणसासमोरच करून घ्या.

एसटी २११० (नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याचं मानक) साठी लागणारा एनमॉस आयएस-०५ चा (त्या नेटवर्कवरच्या जोडण्या करणाऱ्या मानकाचा) परवाना वेगळा आहे. सगळं काम एसडीआयवरच असेल तर तो आत्ता घेऊ नका. तोच पैसा जादा पॅनेलवर घाला.