घरच्या लिनक्सचं लॉगिन: लाइटडीएम ठेवावं की थेट स्टार्टएक्स?

जुन्या मशीनवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) बसवलं की हा प्रश्न येतोच. लॉगिनची खिडकी लाइटडीएम या प्रोग्रामकडे राहू द्यायची, की ती काढून काळ्या स्क्रीनवरूनच आत शिरायचं आणि स्टार्टएक्स या आज्ञेनं डेस्कटॉप उघडायचा? शनिवार पेठेत आईबाबांकडे ४ जीबी रॅमचा डेस्कटॉप आहे. त्याच्यावर वर्षभर स्टार्टएक्स होतं, आता दीड वर्ष लाइटडीएम आहे. तेव्हा हे जे लिहितोय ते त्या एका मशीनच्या आणि तीन माणसांच्या अनुभवावरून.

स्टार्टएक्स मला मनापासून आवडतं. सिस्टमडीचं (मशीन सुरू होताना बाकीचे प्रोग्राम चालू करणारी व्यवस्था) डीफॉल्ट टार्गेट ग्राफिकलऐवजी मल्टी-युजर करायचं, पहिल्या टर्मिनलच्या गेटीला (काळ्या स्क्रीनवर लॉगिन विचारणारा प्रोग्राम) पासवर्ड न विचारता आत घेणाऱ्या ऑटोलॉगिनची ओळ द्यायची आणि बॅश प्रोफाइलमध्ये (लॉगिन होताच चालणारी फाइल) स्टार्टएक्स लिहायचं. सगळं डोळ्यांसमोर राहतं, काय कुठून सुरू होतंय ते कळतं. फक्त दोन ठिकाणी हात सांभाळून. गेटीच्या ओव्हरराइडमध्ये (मूळ सेटिंग बदलणारी आपली फाइल) नवीन ओळीच्या आधी 'एक्झेकस्टार्ट'ची, म्हणजे काय चालवायचं ते सांगणारी, एक रिकामी ओळ हवीच, नाहीतर सिस्टमडीला दोन आज्ञा दिसतात आणि ते ते युनिट चालवायलाच नकार देतं. आणि प्रोफाइलमध्ये स्टार्टएक्सच्या आधी 'एक्झेक' लावा, शिवाय पहिल्या टर्मिनलचीच अट घाला. एक्झेक नसेल तर ग्राफिक्स बंद पडल्यावर मागे उघडी शेल (आज्ञा टाइप करायची जागा) शिल्लक राहते, म्हणजे स्क्रीन लॉक केल्याला काही अर्थच उरत नाही. आणि अट घातलेली असली तर डेस्कटॉप येता येता कोसळत राहिला, तरी दुसऱ्या टर्मिनलवरून आत जाऊन दुरुस्ती करता येते.

वेगाचं म्हणाल तर मला तरी फारसा फरक जाणवला नाही. आमच्याकडे गुरुवारी वीज गेली की मशीन परत चालू करावं लागतं, तेव्हा दोन्ही प्रकारांत बाबा साधारण तितकाच वेळ खुर्चीत बसून असायचे. वेळ खरा वाचला तो ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आधी येणाऱ्या सुरुवातीच्या मेनूत. तिथली ५ सेकंदांची वाट १ वर आणली. मग सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम चालवून कुणाला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि नेटवर्क येईपर्यंत थांबून राहणारी सर्व्हिस बंद केली. हे दोन्ही लाइटडीएम ठेवूनही करता येतं.

मग बदललं का? एका कुलपामुळे.

मी हिंजवडीत कामावर असताना बाबांचा फोन यायचा. "अरे, हे परत पासवर्ड मागतंय. लॉगिनचा तर तूच काढून टाकलास ना?" ती खिडकी कीरिंगची असायची. क्रोमसारख्या ब्राउझरनं जपून ठेवलेले पासवर्ड कीरिंगच्या कुलपाआड असतात आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे आपला लॉगिन पासवर्ड. तुम्ही लॉगिनला पासवर्ड टाइप करता तेव्हा पॅम (लॉगिन तपासणारी व्यवस्था) तोच पुढे कीरिंगला देतं आणि कुलूप गुपचूप उघडतं. ऑटोलॉगिनमध्ये कुणी काही टाइपच करत नाही, मग पॅम देणार काय? बाबा ती खिडकी रद्द करायचे, की बँकेच्या साइटचा जपलेला पासवर्ड दिसायचा नाही. मग पुन्हा फोन. त्यांना त्रास व्हावा म्हणून नव्हे, सोय व्हावी म्हणून मी हे केलं होतं, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटायचं.

कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवला की खिडकी येत नाही, पण मग आतलं सगळं डिस्कवर कुलपाविना पडून राहतं. बँकेचे पासवर्ड असलेल्या मशीनवर ते मला पटलं नाही. ऑटोलॉगिन काढून काळ्या स्क्रीनवर पासवर्ड टाइप करायला लावून पाहिलं, तरी कुलूप उघडेना. डेबियनमध्ये कीरिंगची ओळ लाइटडीएमच्या पॅम फाइलमध्ये आधीपासून असते, साध्या कन्सोल लॉगिनच्या फाइलमध्ये आपल्याला घालावी लागते. घातली असती तर चाललंही असतं. पण मग एवढी ठिगळं लावून मी लाइटडीएमचंच काम हातानं करत होतो.

लाइटडीएमवर ऑटोलॉगिन लावलं तरी हीच कुलपाची कटकट येते, हे लक्षात असू द्या. म्हणजे माझ्या मते खरी निवड लाइटडीएम आणि एकदाच टाइप केलेला पासवर्ड, अशी आहे. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून सुरुवातीलाच मोठा पासफ्रेज देणाऱ्यांचं गणित वेगळं पडेल, त्यांनी ऑटोलॉगिन मागितलं तर मी वाद घालणार नाही.

घरात दोन माणसं वापरणारी असली तर पारडं आणखी झुकतं. बाबांची पानं उघडी ठेवून आईला स्वतःच्या खात्यात जाता येतं. लाइट-लॉकर हे स्क्रीन लॉकही लाइटडीएमच्याच जोरावर चालतं, स्टार्टएक्सबरोबर दुसरं काहीतरी शोधावं लागतं. उबुंटूनं १७.१० मध्ये जीडीएम हा दुसरा लॉगिन प्रोग्राम घेतल्यावर लाइटडीएमचे दिवस भरले असं मलाही वाटलं होतं, पण डेबियनच्या एक्सएफसीईबरोबर अजून तेच येतं.

एकटेच वापरत असाल, कीरिंग लागत नसेल, विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) स्वतः रचलेला असेल, तर स्टार्टएक्स खुशाल ठेवा. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर अजून तेच आहे.

लाइटडीएम घेतलंत तर डेबियनमध्ये एक सेटिंग लगेच बदला. तिथं वापरणाऱ्यांची यादी लपवलेली असते आणि खात्याचं नाव दर वेळी टाइप करावं लागतं. लाइटडीएमच्या सेटिंग फाइलमध्ये सीटच्या विभागात 'ग्रीटर-हाइड-युजर्स'ला फॉल्स करा. कीबोर्डच्या फाइलमध्ये इंग्रजी लेआउट पहिला ठेवा आणि मराठी दुसरा, नाहीतर पासवर्डच्या ठिपक्यांआड देवनागरी उमटत राहते आणि चूक कुठे होतेय ते कळत नाही. खात्यांची पूर्ण नावं मात्र देवनागरीत भरा. काळ्या स्क्रीनवर त्यांचे नुसते चौकोन दिसायचे. आता मशीन चालू केलं की आईला आईचं नाव दिसतं, बाबांना बाबांचं.