केबल काढल्यानंतरची कॉलेजची कुस्ती आणि फुटबॉल: आयोवातला सव्वा वर्षाचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ वाचेल. तुमच्या घरी फक्त कॉलेज फुटबॉल बघत असतील, तर केबल काढून यूट्यूब टीव्हीसारखी, टीव्ही चॅनेलं इंटरनेटवरून देणारी मोठी स्ट्रीमिंग सेवा घेतल्याने फार पैसे वाचणार नाहीत. पण कुस्ती, व्हॉलीबॉल, मुलींचं बास्केटबॉल असे खेळ तुम्ही मनापासून बघत असाल, तर केबलने आजवर दाखवलं त्याच्या कितीतरी पट जास्त आता घरबसल्या दिसतं. आमच्या घरात हे दुसरं घडलं. म्हणून मी पुन्हा केबलकडे वळणार नाही.

आम्ही सीडर रॅपिड्सला राहतो. आयोवात एनएफएलचा संघ नाही, एनबीएचा नाही, मोठ्या लीगमधल्या बेसबॉलचाही नाही. इथे माणसाची ओळख दोनच गोष्टींवरून होते: तुम्ही आयोवा विद्यापीठाच्या हॉकआइजचे की आयोवा स्टेटच्या सायक्लोन्सचे? आम्ही हॉकआइजचे. नवऱ्याचा जीव फुटबॉलमध्ये, माझा कुस्तीत. मी कोल्हापूरची, आमच्या घरी खासबागेतल्या कुस्तीच्या मैदानाच्या गप्पा जेवणाच्या ताटावर व्हायच्या. इथे आल्यावर कळलं की तासाभरावरच्या वॉटर्लूमध्ये डॅन गेबल नावाचा पैलवान जन्मला, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याने एकही गुण न देता सुवर्णपदक घेतलं आणि पुढे १९७६ ते १९९७ या काळात आयोवाचा प्रशिक्षक म्हणून संघाला १५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. अशा गावात मला परकं वाटायचं कारणच नव्हतं. आता माझी मुलगी हायस्कूलच्या संघातून मॅटवर उतरते, त्यामुळे हे बघणं आमच्यासाठी नुसता टाइमपास राहिलेला नाही.

केबलवर आम्ही बरीच वर्षं काढली. टीव्हीचं बिल महिन्याला दीडशे डॉलरच्या घरात गेलं होतं. त्यात बॉक्सचं भाडं वेगळं, स्थानिक चॅनेलांचा आकार वेगळा, खेळांच्या चॅनेलांचा आणखी वेगळा. आणि एवढं भरूनही १५ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री आमच्या केबलवर तो सामना नव्हताच. आयोवाच्या केटलिन क्लार्कने मिशिगनविरुद्ध ४९ गुण करून एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या महिला बास्केटबॉलमधला कारकिर्दीतल्या सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला, तो सामना फक्त पीकॉक या एनबीसीच्या स्ट्रीमिंग सेवेवर होता. इथून अर्ध्या तासावरच्या कार्व्हर-हॉकआय अरीनात इतिहास घडत होता आणि शेकडो चॅनेल असलेल्या पेटीत तो नव्हता. त्या रात्री पीकॉक घेतलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केबल बंद केली.

पहिली खरेदी अँटेनाची करा, हे मी कुणालाही सांगेन. बिग टेन या आमच्या लीगचे फुटबॉलचे मोठे सामने २०२३ पासून फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तिघांत वाटले गेले आहेत, आणि ही तिन्ही चॅनेलं हवेतून फुकट येतात. सकाळी उशिरा फॉक्स, दुपारी सीबीएस, रात्री एनबीसी, असा शनिवार लागतो. २०२४ च्या हंगामात आयोवाचे बहुतेक सामने या तीन चॅनेलांवरच होते. आयोवा स्टेटकडून १९-२० असा झालेला जिव्हारी लागणारा पराभव सीबीएसवर, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी नेब्रास्काला १३-१० ने हरवलं तो सामना एनबीसीवर. दोन्ही आम्ही अँटेनावर बघितले. चित्र केबलपेक्षा स्वच्छ, कारण हवेतून येणारा सिग्नल केबलवाल्यांइतका दाबलेला नसतो.

अँटेना घेताना एक गोष्ट बघा. आमच्याकडचं एनबीसीचं ७ नंबरचं केंद्र व्हीएचएफ या लांब लहरींच्या पट्ट्यात आहे. खिडकीच्या काचेला चिकटवायचा पातळ अँटेना तो पट्टा नीट पकडत नाही, दोन लांब दांड्यांचा किंवा मोठा अँटेना लागतो. सरकारच्या एफसीसीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की कुठलं केंद्र कुठल्या दिशेला आणि किती ताकदीचं ते नकाशात दिसतं. आम्ही अँटेना छपरावर न लावता माळ्यात आतून लावला. १० ऑगस्ट २०२० च्या डेरेचो वादळाने या शहराची जी दशा केली, ती पाहिलेला माणूस छपरावर काही उभं करताना दहादा विचार करतो.

अँटेनाच्या जोडीला यूट्यूब टीव्ही घेतलं. तेव्हा दर ७२.९९ डॉलर होता, जानेवारी २०२५ मध्ये तो ८२.९९ झाला. काय आवडलं ते सांगते. बिग टेन नेटवर्क मूळ पॅकेजमध्येच आहे आणि कुस्तीसाठी ते सगळ्यात महत्त्वाचं चॅनेल. रेकॉर्डिंगला जागेची मर्यादा नाही, नोंदवलेलं नऊ महिने राहतं. "आयोवा कुस्ती" एकदा निवडून ठेवली की दोन विद्यापीठांच्या संघांमधले पुढचे सामने आपोआप नोंदले जातात. नोव्हेंबरातली एखादी लढत मुलगी फेब्रुवारीत पुन्हा लावून बघायची, थांबवत थांबवत, पट कसा काढला, म्हणजे पाय धरून कसं पाडलं, ते समजून घ्यायला. एका वेळी तीन ठिकाणी चालतं, तेवढं आम्हा तिघांना पुरलं.

आता कुस्तीबद्दल सविस्तर लिहिते, कारण खरा फरक तिथे आहे.

कॉलेजची कुस्ती ऑलिंपिकसारखी नसते. पहिला डाव तीन मिनिटांचा, पुढचे दोन दोन-दोन मिनिटांचे. समोरच्याला खाली घेऊन ताब्यात ठेवणं याला इथे फार किंमत. वर राहण्याचा वेळ घड्याळात मोजतात आणि एका मिनिटाची आघाडी असली की शेवटी एक गुण जास्त मिळतो. २०२३ पासून खाली घेण्याचे दोनऐवजी तीन गुण झाले, त्यामुळे एकेरी-दुहेरी पटाला जाणारे पैलवान जास्त धाडसी झाले आहेत. खाली पकडून दमवणं आपल्या मातीतल्या माणसाला चटकन कळतं.

मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा तीन दिवस चालते. दहा वजनगट, प्रत्येकात ३३ पैलवान. पहिल्या दिवशी एकाच वेळी आठ मॅटवर कुस्त्या लागतात. केबलवर काय दिसायचं? एक चॅनेल, आणि तो या मॅटवरून त्या मॅटवर उड्या मारणार. आपल्या पैलवानाची लढत रंगात आली की कॅमेरा भलतीकडे. ईएसपीएन प्लस या ईएसपीएनच्या तेव्हाच्या स्ट्रीमिंग सेवेवर प्रत्येक मॅटचं वेगळं प्रक्षेपण असायचं. मार्च २०२५ मध्ये फिलाडेल्फियाची स्पर्धा आम्ही अशी बघितली: टीव्हीवर मुख्य प्रक्षेपण, टॅबवर आमच्या पैलवानाची मॅट. हिवाळ्यात आबा कोल्हापूरहून आले होते, ते तोवर थांबले. त्यांनी टॅब हातातून सोडलाच नाही. पराभूतांच्या फेऱ्यांत, तिसऱ्या-पाचव्या क्रमांकासाठी पोरं कशी जीव तोडून लढतात, ते त्यांना फार भावलं. केबलवर त्या कुस्त्या क्वचितच दिसायच्या. पेन स्टेटने १७७ गुणांचा विक्रम केला, कार्टर स्टारोचीने पाचवं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, असं आजवर कुणीच केलं नव्हतं. आणि शेवटी ऑलिंपिक विजेता गेबल स्टीव्हसन हेवीवेटच्या अंतिम लढतीत वायट हेंड्रिक्सनकडून ५-४ ने हरला. अख्खं घर उभं राहून ओरडलं.

मुलींच्या कुस्तीसाठी तर स्ट्रीमिंग नसतं तर आमचं काही खरं नव्हतं. मोठ्या लीगमधल्या विद्यापीठांत मुलींचा संघ सर्वात आधी आयोवाने उभा केला, क्लॅरिसा चनच्या मार्गदर्शनाखाली, आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. २०२४ ची स्पर्धा आमच्याच शहरात झाली, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली. एरवीच्या लढती बघायच्या तर बी-वन-जी प्लस ही बिग टेनची वेगळी सेवा घ्यावी लागते. नीट समजून घ्या: बिग टेन नेटवर्क आणि बी-वन-जी प्लस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चॅनेलवर जे दाखवतात ते प्लसवर थेट नसतं आणि प्लसवरचं चॅनेलवर नसतं. एक घेतलं म्हणून दुसरं मिळत नाही. इथे बरेच जण फसतात. आम्ही ती सेवा हंगामापुरती, महिन्या-महिन्याने घेतो. कधी एकच कॅमेरा असतो, समालोचन साधं असतं. चालतं. माझ्या मुलीला समालोचन नको असतं, पाय कुठे टाकला ते दिसायला हवं असतं.

आयोवा आणि आयोवा स्टेटची लढत एक वर्ष आयोवा सिटीत, म्हणजे आयोवाच्या गावी, आणि एक वर्ष एम्सला, म्हणजे आयोवा स्टेटच्या गावी असते. आयोवा सिटीत असली की बिग टेन नेटवर्क बघा, एम्सला असली की ईएसपीएनकडे शोधा. यजमान कोण हे आधी बघायचं, मग अ‍ॅप उघडायचं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो.

जाच कसला असेल तर उशिराचा. इंटरनेटवरून येणारा सामना अँटेनाच्या मागे असतो, अर्ध्या मिनिटाहूनही जास्त. शेजाऱ्यांच्या अंगणातून आरोळी आली की आमच्याकडे अजून चेंडू स्नॅपच झालेला नसतो. सेटिंगमध्ये उशीर कमी करायची सोय असते तिथे ती वापरा, आणि सामन्याच्या वेळी फोनवरच्या स्कोअरच्या सूचना बंद ठेवा. इंटरनेटच्या महिन्याच्या मर्यादेकडेही लक्ष हवं: एचडी चित्र तासाला साधारण ३ जीबी खातं, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या आठवड्यात दोन-तीन पडदे सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतात.

मग आला २०२५ चा शरद ऋतू. ३० ऑक्टोबरच्या रात्री ईएसपीएन-एबीसीची मालक डिस्नी आणि यूट्यूब टीव्ही यांचा करार संपला, नवा वेळेत झाला नाही, आणि ईएसपीएन, एबीसी, एसईसी नेटवर्क, एसीसी नेटवर्क (दुसऱ्या दोन कॉलेज लीगची चॅनेलं) ही चॅनेलं १४ नोव्हेंबरपर्यंत सगळ्याच ग्राहकांकडून गेली. फुटबॉलचे दोन शनिवार मधे गेले. दोष कुणाचा यात मला पडायचं नाही. आम्हाला झळ बसली नाही: पहिल्या शनिवारी आयोवाला सुट्टी होती आणि ८ नोव्हेंबरचा ओरेगनविरुद्धचा सामना सीबीएसवर होता, अँटेनावर. किनिक स्टेडियमवर पाऊस, १८-१६ असा पराभव. पण एसईसी लीगमधल्या अलाबामा किंवा जॉर्जियाच्या चाहत्याचं काय झालं असेल, हा विचार मनात आला. एकाच सेवेवर सगळा भार टाकला की केबलचाच जुना प्रश्न नव्या नावाने परत येतो.

तेव्हा आम्ही मांडणी बदलली आणि आता हीच पुढे चालवणार आहोत. २१ ऑगस्ट २०२५ पासून ईएसपीएन थेट घेता येतं, २९.९९ डॉलरला, त्यात आधी ईएसपीएन प्लसवर असायचं तेही येतं. त्याच दिवशी फॉक्स वन ही फॉक्सची स्ट्रीमिंग सेवा सुरू झाली, १९.९९ ला, आणि बिग टेन नेटवर्क त्यात आहे. दोन्ही एकत्र घेतलं तर ३९.९९. त्यात पीकॉकचे १०.९९ मिळवा, म्हणजे २०२५ च्या दरांनी ५१ डॉलरच्या आत काम होत होतं. यूट्यूब टीव्ही आणि पीकॉक मिळून ९४ च्या आसपास जात होते. सीबीएस आणि एनबीसी अँटेनावर फुकट. बातम्यांची, स्वयंपाकाची, घर सजवण्याची चॅनेलं गेली. ती आमच्याकडे लागतच नव्हती. एका जागी सगळं नोंदवून ठेवायची सोय गेली, तिची मात्र मला उणीव जाणवते. अँटेनावर रेकॉर्डिंग हवं असेल तर वेगळी पेटी घ्यावी लागते. ती आम्ही अजून घेतलेली नाही.

ही मांडणी बिग टेनवाल्यांसाठी आहे, हे लक्षात घ्या. एसईसीचे फुटबॉल सामने २०२४ पासून एबीसी आणि ईएसपीएनकडे आहेत, त्या संघांच्या चाहत्यांना फॉक्स वनची गरज नाही, नुसतं ईएसपीएन आणि अँटेना पुरेल.

आणखी एक, भारतात जाणाऱ्यांसाठी. यूट्यूब टीव्ही अमेरिकेबाहेर चालत नाही, कोल्हापुरात बसून सामना बघायचा बेत करू नका. महिन्या-महिन्याने घेतलेली सेवा मात्र जाण्याआधी बंद करता येते, फोन करून कुणाची मनधरणी करावी लागत नाही, पेटी परत करायला रांगेत उभं राहावं लागत नाही. आमचं वर्ष आता ऑगस्ट ते मार्च असं चालतं. राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची कुस्ती झाली की त्या रात्रीच पीकॉक सोडून सगळं बंद करतो, आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे पैसे मुलीच्या उन्हाळी कुस्ती शिबिराला जातात.