पश्चिमेच्या भिंतीसाठी फायबर सिमेंट बोर्ड आणि रॉकवूल

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पश्चिमेची भिंत सांभाळणे हे घरमालकाचे दरवर्षीचे काम असते. समुद्राकडून घाट चढून येणारा वारा पाऊस आडवा मारतो, जांभ्याचा सच्छिद्र चिरा ते पाणी पितो आणि आतल्या गिलाव्याला पोपडे सुटतात. पूर्वी अशा भिंतीला गवताचे तट्टे बांधत. आता बहुतेक घरांवर पन्हळी पत्रे ठोकलेले दिसतात. आमच्या घरी पत्र्याऐवजी ८ मिलिमीटर जाडीचे फायबर सिमेंट बोर्ड (सिमेंटमध्ये तंतू मिसळून केलेले तक्ते) आणि त्यांच्यामागे ५० मिलिमीटर रॉकवूल (खडक वितळवून काढलेल्या तंतूंचा लोकरीसारखा थर) बसवले असून, त्याचा अनुभव एकंदरीत चांगला आहे.

खरे काम मात्र बोर्डापेक्षा त्याच्यामागची पोकळी करते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी चॅनेलांची चौकट, त्यात रॉकवूल, त्यावर पाणी अडवणारा पण वाफ बाहेर सोडणारा कागद आणि मग बोटभर जागा सोडून बोर्ड, अशी ही रचना आहे. जोरदार सरीत खालच्या कडेशी वाकून पाहिले, की सांध्यांतून आत शिरलेले पाणी बोर्डाच्या पाठीवरून उतरून जाळीतून थेंबाथेंबाने बाहेर पडताना दिसते, आणि आतली भिंत हाताला कोरडी लागते. कपाटातल्या कपड्यांचा कुबट वास गेला, पत्र्यावरचा तडतडाटही थांबला. ही पोकळी न ठेवता बोर्ड थेट गिलाव्यावर ठोकून देणारे ठेकेदार आहेत. तसे केल्यास ओल आतच कोंडते आणि खर्च वाया जातो.

रॉकवूल उष्णतेला चांगला अडथळा करते: ५० मिलिमीटरचा थर साधारण एक मीटर जाडीच्या विटांच्या भिंतीइतका रोध देतो. ते जळत नाही, हा थर्मोकोलच्या तुलनेत मोठा फायदा आहे. पण भिजले की त्याचा गुण जातो, म्हणून वरचा कागद वगळून पैसे वाचवू नयेत.

तक्रार कामाबद्दल आहे. कारागिरांनी बोर्ड कापल्यावर कडांना सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, लावला नाही, त्यामुळे खिडकीजवळच्या दोन कडा फुगल्या आणि तेथील रंग उडाला. कापताना उडणाऱ्या धुळीत फुप्फुसांना घातक असे सिलिका असते, तरी कोणाच्याही तोंडावर मास्क नव्हता, हे मला अधिक खटकले. खरेदी करताना बोर्ड अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असल्याची लेखी खात्रीही मागावी, कारण अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आपल्याकडे अजून विकले जातात.

अथणी-चिकोडीकडच्या वाचकांना मात्र हा खर्च मी लगेच सुचवणार नाही. तिकडे पाऊस कमी आणि ऊन कडक असल्यामुळे घर तापते ते प्रामुख्याने छतातून. तेथे आधी स्लॅबवर उष्णतारोधक थर द्यावा आणि भिंतीचा विचार नंतर करावा.