श्वासातून मोजलेली ऊर्जा: नाशिकमधील एका चयापचय चाचणीचे परीक्षण

शरीर पूर्ण विश्रांतीत असताना चोवीस तासांत किती ऊर्जा खर्च करते, हे श्वासावरून मोजून देणारी ‘आरएमआर टेस्ट’ मी गंगापूर रोड परिसरातील एका आहारसल्ला केंद्रात नुकतीच करून घेतली. शुल्क अडीच हजार रुपये होते. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तक्रारीचाही भाग आहे आणि ती तक्रार एकट्या त्या केंद्रापुरती आहे असे मला वाटत नाही. यंत्राने दिलेल्या आकड्यांचे पैसे वसूल झाले. त्या आकड्यांवरून रिपोर्टच्या शेवटच्या पानावर जे निष्कर्ष काढले होते, ते मात्र फुकट दिले असते तरी घेण्यासारखे नव्हते.

आधी चांगल्या बाजूविषयी लिहितो. चाचणीपूर्व सूचना व्हॉट्सॲपवर स्वच्छ मराठीत आल्या होत्या: रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही, सकाळचा चहा नाही, आदल्या दिवशी दमछाक करणारा व्यायाम नाही. या अटी उगाच घातलेल्या नसतात. अन्न पचवण्यालाही ऊर्जा लागते. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण २० ते ३० टक्के, कर्बोदकांच्या ५ ते १० टक्के आणि स्निग्ध पदार्थांच्या जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत ऊर्जा त्यांच्याच पचनात व साठवणीत खर्च होते. त्यामुळे मिसळ खाऊन चाचणीला गेलेल्या माणसाचा आकडा हा विश्रांतीचा आकडा राहत नाही. आमच्या नाशिकमध्ये रविवारी सकाळी उपाशी राहणे हीच या चाचणीतील सर्वांत अवघड अट आहे.

तेथील तंत्रज्ञ ताईंनी मला अर्धा तास पलंगावर निवांत पडू दिले, त्या वेळात ज्ञात प्रमाणाचा वायू असलेल्या सिलिंडरने यंत्राचे अंशांकन (कॅलिब्रेशन) केले आणि मगच चेहऱ्यावर पारदर्शक हूड ठेवला. सुरुवातीच्या पाच मिनिटांचे आकडे गाळले जातील, हेही त्यांनी आधीच सांगितले, कारण हुडाखाली आल्यावर कोणाचाही श्वास थोडा बिचकतो. खोलीतला एसी मात्र जानेवारीच्या सकाळीही चालू होता. अंगावर काटा आला किंवा हुडहुडी भरली, तर स्नायू उष्णतेसाठी जादा इंधन जाळू लागतात आणि मोजमाप वर सरकते, याची जाणीव करून दिल्यावर एसी बंद झाला आणि पांघरूणही मिळाले. पण ते मागावे लागायला नको होते.

हे यंत्र नेमके काय मोजते, हे कळल्याखेरीज त्याच्या रिपोर्टची किंमत करता येत नाही. खोलीतील हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि कार्बन डायऑक्साइड नाममात्र. हुडातून खेचल्या जाणाऱ्या हवेत प्राणवायू किती कमी झाला आणि कार्बन डायऑक्साइड किती वाढला, एवढेच यंत्र पाहते. उष्णता ते मोजतच नाही. श्वासाचा आणि उष्णतेचा हा संबंध लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी अठराव्या शतकातच गिनीपिग बर्फाच्या कप्प्यात ठेवून आणि वितळलेले पाणी मोजून दाखवला होता. त्यामागची पेशीतील यंत्रणा उलगडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

बाजरीच्या भाकरीचे उदाहरण घ्यावे. तिच्यातील पिष्टाचे विघटन लाळेपासूनच सुरू होते, लहान आतड्यात त्याचे ग्लुकोज होते आणि ते रक्तावाटे आधी यकृतात व मग सर्वत्र पोहोचते. यकृत साधारण १०० ग्रॅम आणि स्नायू सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेनच्या रूपाने साठा ठेवतात. त्यापलीकडे कर्बोदकांची मोठी कोठी शरीराजवळ नाही. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजच्या एका रेणूचे आधी दोन तुकडे होतात, आणि प्राणवायूला हातही न लावता एटीपीचे, म्हणजे पेशी ऊर्जेचे चलन म्हणून वापरते त्या रसायनाचे, दोन रेणू पदरात पडतात. ते तुकडे, म्हणजे पायरुव्हेट, मायटोकॉन्ड्रियात (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांत) जातात आणि तेथे हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या चक्रात त्यांच्यातील कार्बन सुटा होऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. मेदाम्लेही दोन-दोन कार्बनचे तुकडे होऊन याच चक्राच्या तोंडाशी येतात, आणि बरीचशी अमिनो आम्लेही वेगवेगळ्या वाटांनी येथेच मिळतात. वरण, भात, तूप असे ताटात वेगळे वाढलेले पदार्थ पेशीत या एका टप्प्यावर एकत्र येतात.

चक्रातून निघालेले इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतील पडद्यातून एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे दिले जातात, आणि त्यांच्या प्रवासातील ऊर्जेवर प्रोटॉन पडद्याच्या पलीकडे ढकलले जातात. ते परत येताना एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून येतात; त्या प्रथिनाचा एक भाग खरोखर गोल फिरतो आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतो. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा ती फारशी कोणाला पटली नव्हती. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठीच नोबेल मिळाले. इलेक्ट्रॉनांच्या या रांगेत शेवटी प्राणवायू उभा असतो. तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो, प्रोटॉनांशी जोडला जातो आणि त्याचे पाणी होते. आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू कार्बन डायऑक्साइड बनून परत बाहेर येतो, असे बहुतेकांना वाटते, पण त्याचे खरे काम हे शेवटच्या पायरीवरचे आहे. तो तेथे नसेल, तर मागची सगळी रांग अडते. म्हणूनच वापरलेल्या प्राणवायूचे माप हे पेशींत जाळलेल्या इंधनाचे माप ठरते. आणि म्हणूनच हे यंत्र बनवाबनवी करत नाही.

माझ्या रिपोर्टमध्ये मिनिटाला २१५ मिलिलिटर प्राणवायू वापरला गेला आणि १७६ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, असे आकडे होते. या वायूंवरून ऊर्जाखर्च काढणारे वियर यांचे १९४९ चे सूत्र घेतले, तर लिटरमधील प्राणवायूला ३.९४१ ने आणि कार्बन डायऑक्साइडला १.१०६ ने गुणून बेरीज करायची. ती मिनिटाला १.०४ कॅलरीच्या आसपास येते (कॅलरी म्हणजे येथे अर्थातच किलोकॅलरी), आणि दिवसाच्या १४४० मिनिटांना १५००. रिपोर्टवरही १५०० हाच आकडा होता. माझे वय ४८, वजन ६४ किलो आणि उंची १६८ सेंटिमीटर घालून, चाचणीशिवाय विश्रांतीचा खर्च अंदाजणाऱ्या मिफ्लिन–सेंट जिओर सूत्राने फुकटात हिशेब केला तर उत्तर १४५५ येते. म्हणजे अडीच हजार रुपये खर्चून मला ४५ कॅलरींचा फरक कळला. बहुतेक निरोगी, मध्यम बांध्याच्या माणसांत सूत्र आणि यंत्र असेच जवळ जवळ येतात, ही गोष्ट केंद्राने आधी सांगायला हवी होती.

त्याच दोन आकड्यांचा भागाकार, १७६ भागिले २१५, म्हणजे ०.८२, हा या चाचणीतील सर्वांत रोचक आणि सर्वांत जास्त गैरवापर होणारा आकडा आहे. निव्वळ ग्लुकोज जळत असेल तर जेवढा प्राणवायू लागतो तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे हे गुणोत्तर १ येते. निव्वळ मेद जळत असेल तर ते ०.७ च्या जवळ येते, कारण मेदाच्या रेणूत प्राणवायू मुळातच कमी असतो आणि तो बाहेरून जास्त घ्यावा लागतो. ०.८२ चा अर्थ, प्रथिने बाजूला ठेवल्यास, साधारण ४० टक्के ऊर्जा कर्बोदकांतून आणि ६० टक्के मेदातून येत होती. रात्रभर उपाशी असलेल्या माणसासाठी हे अगदी सर्वसाधारण आहे. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर मात्र पिवळ्या चौकटीत ‘मध्यम मेददहन क्षमता, सुधारणा आवश्यक’ असा शेरा होता.

हा शेरा शास्त्राला धरून नाही. आदल्या दोन दिवसांत भात आणि पुरणपोळी अधिक झाली तर गुणोत्तर वर जाते, तूप आणि शेंगदाणे अधिक झाले तर खाली येते. ती क्षमता नसून बहुतांशी मागच्या जेवणांची नोंद असते. जास्त मेद खाणाऱ्याच्या शरीरात जास्त मेद जळतो, पण त्याने पोट कमी होत नाही, कारण जळलेला मेद हा बराचसा नुकताच खाल्लेला असतो. साठलेला मेद घटायचा तर दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबात खर्च आवकेपेक्षा जास्त व्हावा लागतो, आणि ते या एका सकाळच्या गुणोत्तरावरून सांगता येत नाही. त्याच पानावर प्रथिनांचा वाटा १५ टक्के छापला होता. प्रथिनांतील नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपाने लघवीवाटे जातो. लघवीचा नमुना न घेता हा आकडा मोजता येत नाही. तो गृहीत धरलेला होता, आणि तसे लिहिलेले नव्हते.

प्रतीक्षा कक्षातील भित्तिपत्रकाचीही तीच तऱ्हा. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ३८ एटीपी मिळतात असे त्यावर होते. जुन्या पाठ्यपुस्तकांत तो आकडा आहे खरा, पण आजचा अंदाज ३० ते ३२ चा आहे. ‘पहिली वीस मिनिटे साखर जळते, त्यानंतर चरबी’ हे वाक्य त्याहून वाईट, कारण दोन्ही इंधने सतत सोबतच जळत असतात आणि व्यायामाचा जोर व कालावधी यांनुसार फक्त प्रमाण बदलते. काउंटरवर घाम आणणारे कमरपट्टे विकायला ठेवले होते. शरीरातील १० किलो मेद पूर्ण जळाला तर त्यातील सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे जातो आणि उरलेल्याचे पाणी होते. हे श्वास मोजणाऱ्या केंद्राला तरी ठाऊक असायला हवे. एटीपीचा शोध लावणाऱ्यांत १९२९ मध्ये हार्वर्डला काम करणारे आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. कमरपट्ट्याच्या जाहिरातीऐवजी त्यांचा फोटो लावला असता तर भिंत तरी सत्कारणी लागली असती.

“सर, तीन महिन्यांचं पॅकेज घेतलंत तर टेस्टचे पैसे वजा करू,” असे काउंटरवरून सांगण्यात आले. पॅकेजमध्ये प्रोटीन पावडर आणि ‘मेटाबॉलिझम बूस्टर’ कॅप्सूल होत्या, आणि द्राक्षे व मिसळ पूर्ण बंद होती. कॅप्सूलच्या वेष्टनावर पहिला घटक कॅफीन होता. त्याने ऊर्जाखर्च थोडा आणि थोड्याच वेळापुरता वाढतो, जे काम चहाचा कप पंधरा रुपयांत करतो. द्राक्षांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साधारण सारख्या प्रमाणात असते आणि फ्रुक्टोजचा निपटारा मुख्यतः यकृत करते, हे खरे; पण वाटीभर द्राक्षांनी निरोगी माणसाच्या यकृताचे काही बिघडत नाही. मी पॅकेज नाकारले. त्यानंतर कोणी आग्रह केला नाही, हेही नोंदवायला हवे.

ज्यांचे वजन खूप जास्त किंवा खूप कमी आहे, जे दीर्घ आजारातून उठले आहेत किंवा ज्यांचा थायरॉइड बिघडलेला आहे, त्यांच्यात सूत्रे चुकण्याची शक्यता जास्त असते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली ही चाचणी उपयोगी पडते. माझ्या आधी आलेले दोघे सायकलस्वार होते. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून नाशिकला सायकलीचे वेड आहेच, पण लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला विश्रांतीच्या आकड्यापेक्षा पॅडल मारताना घेतलेली चाचणी अधिक कामाची, आणि ती या केंद्रात होत नाही. जाणाऱ्यांनी सकाळी सातची पहिली वेळ मागावी. तेव्हा खोली शांत असते आणि अंशांकन ताजे असते. रिपोर्टसोबत मिनिटागणिक आकड्यांचा तक्ता मागितला तर ते ईमेलने पाठवतात, आणि गुणोत्तर कुठे ०.७ च्या खाली किंवा १ च्या वर गेले असेल, तर त्याच दिवशी फोन करून चाचणी पुन्हा घ्यायला लावावी.